बाजार कोठे वसावा?

(नगरजीवन आणि स्वदेशी अर्थचिंतन या विषयावरील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)



२० सप्टेंबर २०१२ रोजी देशभर बंद पाळण्यात आला. डिझेलची दरवाढ हे एक कारण होतेच. परंतु त्याहून मोठे कारण होते ते किरकोळ व्यापारात एक्कावन्न टक्क्यांपर्यंत परकीय भांडवलास मुभा देणारा निर्णय. तत्कालीन केंद्र सरकारने तो त्याच महिन्यात घेतला होता. स्वदेशी जागरण मंच, व्यापारी महासंघ, हमाल-मापाड्यांच्या संघटना आणि एरवी एका व्यासपीठावर न येणारे राजकीय पक्ष त्या दिवशी एकाच मागणीसाठी उभे राहिले. त्या काळात गावोगावी जी भाषणे झाली, पत्रके निघाली, त्यांत प्रश्न एकच होता : दुकान कोणाचे?

प्रश्न योग्यच होता. परंतु त्या निर्णयात आणखी एक अट होती, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ही विक्रीस्थाने शहराच्या विकास आराखड्याशी सुसंगत असलेल्या क्षेत्रातच असावीत आणि तेथे दळणवळण व वाहनतळाची सोय असावी, असे त्यात म्हटले होते. म्हणजे दुकान कोठे उभे राहावे, हे ठरविण्याचे काम दिल्लीने शहराच्या नकाशावर सोपविले होते. आणि तो नकाशा कोण करतो, केव्हा करतो, तो करताना नागरिकांना बोलता येते की नाही, याची चौकशी बंद पाळणाऱ्यांनीही केली नाही आणि बंद मोडणाऱ्यांनीही केली नाही.

आज महाराष्ट्रातील जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत जे विशाल सुपर मार्केट उभे राहते, त्याचे भांडवल बहुधा भारतीयच असते. ‘कोणाचे’ या प्रश्नाचे उत्तर त्या प्रमाणात समाधानकारक मिळाले आहे. तरीही जुन्या पेठेतील किराणा व्यापाऱ्याची चिंता कमी झालेली नाही. सुपर मार्केट गावापासून तीन किलोमीटरवर वळणरस्त्यालगत गेले, तर ते स्वदेशी भांडवलाचे आहे म्हणून पेठेतील ओटे कमी ओस पडत नाहीत. ‘कोठे’ हा प्रश्न ‘कोणाचे’ या प्रश्नाइतकाच राष्ट्रीय आहे. तो केवळ अभियंत्यांचा आणि नगररचनाकारांचा आहे, अशी समजूत करून घेतल्यामुळे तो सुटला आहे.

प्रथम व्यापाऱ्याच्या बाजूने विचार करू. त्याच्या मनात गावाविषयी वैर नसते. त्याला एकसंध एक-दोन एकर जमीन हवी असते, एकाच सातबाऱ्यावर असेल तर उत्तम. मोठा ट्रक थेट मागच्या दाराशी लागावा, शे-दीडशे दुचाकी आणि चाळीस-पन्नास मोटारी उभ्या राहाव्यात, शेजाऱ्याची तक्रार नसावी. जुन्या गावात अशी जमीन सहसा मिळत नाही. तेथे एका वाड्याला अकरा वारस असतात, त्यांतले दोघे पुण्यात, एक अमेरिकेत आणि एकाचा दावा न्यायालयात. मग तो गावाबाहेर जातो. त्याच्या हिशेबात ते चूक नाही. जागा हीच या धंद्याची खरी पुंजी आहे, हे गेल्या काही वर्षांत दोन्ही बाजूंनी सिद्ध झाले आहे. २००२ मध्ये पवईत पहिले दुकान उघडणाऱ्या डी-मार्टने बहुतेक जागा भाड्याने न घेता विकत घेण्याचे धोरण ठेवले आणि त्याचा लाभ त्याला मिळाला. उलट २००१ मध्ये सुरू झालेल्या बिग बाझारची शेकडो दुकाने भाड्याच्या जागेत होती. कंपनी अडचणीत आल्यावर त्या जागांचे भाडेपट्टे २०२२ मध्ये प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेले आणि पाट्या बदलल्या. ज्याच्या हाती जागा, त्याच्या हाती बाजार. हे सूत्र व्यापाऱ्याला नेमके कळले आहे. गावाला ते अजून कळायचे आहे.

गावाला ते पूर्वी ठाऊक नव्हते असे नाही. पेठ वसविणे हे मराठी राज्यकर्त्यांच्या दृष्टीने राज्यकारभाराचेच अंग होते. नवी पेठ वसवायची तर येणाऱ्या वाण्या-उदम्यांना काही वर्षे करांत सवलत द्यायची, शेटे-महाजन नेमायचे, रस्ता, पाणी, चौकी यांची व्यवस्था लावायची, असा तो क्रम असे. पुण्याच्या पेठा अशाच वाढल्या. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात शाहूपुरी वसवली, तीही रेल्वे स्थानकाच्या आणि जुन्या गावाच्या सांध्यावर. माल रेल्वेने यावा आणि गिऱ्हाईक पायी यावे, अशा बेताने. जागा आधी ठरे, व्यापारी मागून येई.

या संदर्भात पुण्याच्या मंडईचा इतिहास मुळातून पाहण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात भरत असे. ऊन, पाऊस, चिखल आणि घाण यांना कंटाळून नगरपालिकेने पक्की मंडई बांधण्याचे ठरविले. त्या खर्चाला महात्मा जोतिराव फुल्यांनी विरोध केला. हा पैसा इमारतीपेक्षा शिक्षणावर खर्च व्हावा, अशी त्यांची भूमिका होती. वाद झाला, मंडई झाली, १८८६ मध्ये ती खुली झाली आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला देण्यात आले. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना याच मंडईला महात्मा फुल्यांचे नाव लाभले. ज्या वास्तूच्या खर्चास त्यांनी विरोध केला, तिनेच त्यांचे नाव धारण करावे, हा इतिहासाचा एक विलक्षण योग! परंतु येथे लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. खर्चाविषयी मतभेद झाले. मात्र बाजार गावाबाहेर हलवावा असे घडले नाही. शनिवारवाड्यापासून मंडई पायी पंधरा मिनिटांच्या आत आहे. शनिवारवाड्याच्या पटांगणात येणारे गिऱ्हाईक शुक्रवार पेठेतील या नव्या जागी सहज वळू शकत होते. मंडईभोवती मग तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता, भांडीआळी, बोहरीआळी हा सारा व्यवहार एकमेकांच्या आधाराने नांदत राहिला. भाजीला आलेली गृहिणी तुळशीबागेतून पूजेचे साहित्य घेऊन, रामाचे दर्शन करून घरी जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे मेट्रोचा भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत पूर्ण झाला, तेव्हा एका स्थानकाला ‘मंडई’ हेच नाव द्यावे लागले. एकशे अडतीस वर्षांपूर्वी निवडलेल्या जागेकडे एकविसाव्या शतकातील रेल्वेला जमिनीखालून यावे लागले. योग्य जागा म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण महाराष्ट्रात शोधावे लागेल.

एक भेद येथेच स्पष्ट केलेला बरा, कारण त्यावरून नेहमी घोटाळा होतो. घाऊक बाजार गावाबाहेर नेणे निराळे आणि किरकोळ बाजार बाहेर नेणे निराळे. पुण्याचा घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, मुंबईतील कांदा-बटाटा आणि मसाल्याचा घाऊक बाजार मशीद बंदराच्या परिसरातून वाशीला गेला; ते योग्यच झाले. घाऊक बाजाराचे गिऱ्हाईक ट्रक आणि टेम्पो असते, ते दहा किलोमीटर सहज जाते. किरकोळ बाजाराचे गिऱ्हाईक पिशवी घेतलेली सत्तर वर्षांची आजी असते. तिच्यासाठी अंतर हे अंतर असते. पत्रकांतून ‘बाजार बाहेर न्या, वाहतूक मोकळी करा’ अशी मागणी करणाऱ्या उत्साही मंडळींनी हा भेद ध्यानात घ्यावा.

पाश्चात्त्य देशांत हा अनुभव आपल्या आधी एक पिढी येऊन गेला आहे. त्यांच्या चुका फुकट शिकायला मिळत असतील तर नाकारण्याचे कारण नाही. इंग्लंडच्या मध्य भागात डडली नावाचे जुने औद्योगिक नगर आहे. त्याच्या जवळच राउंड ओक नावाचा पोलादाचा कारखाना होता, तो १९८२ मध्ये बंद पडला. रोजगार यावा म्हणून त्या परिसराला करमाफी आणि नियोजनाच्या नियमांत सवलती देण्यात आल्या. हेतू उद्योग आणण्याचा होता. आली ती दुकाने. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे मेरी हिल हे अवाढव्य बाजारसंकुल उभे राहिले आणि डडलीच्या हमरस्त्यावरची मार्क्स अँड स्पेन्सरसारखी नामांकित दुकाने पाहता पाहता तिकडे निघून गेली. मोठे दुकान जाते तेव्हा ते एकटे जात नाही. त्याच्याकडे येणाऱ्यांच्या येण्या-जाण्यावर जगणारा चर्मकार, शिंपी, पुस्तकवाला, चहावाला हे सारे मागे राहतात आणि हळूहळू विझतात.

त्या अनुभवातून शहाणे होऊन ब्रिटिश सरकारने १९९६ मध्ये एक क्रमवार कसोटी घालून दिली. मोठे दुकान काढू इच्छिणाऱ्याने प्रथम नगराच्या मध्यवर्ती बाजारात जागा शोधावी. ती नसेल तर बाजाराच्या कडेला. तेथेही नसेल, तरच बाहेर. आणि तेसुद्धा जेथे सार्वजनिक वाहनाने पोचता येते अशा ठिकाणी. ‘कडेला’ म्हणजे किती दूर, हेही पुढे ठरले : मुख्य बाजारापासून तीनशे मीटरच्या आत आणि त्याच्याशी नीट जोडलेले. तीनशे मीटर म्हणजे चार-पाच मिनिटांची चाल. अडीच हजार चौरस मीटरहून, म्हणजे सुमारे सत्तावीस हजार चौरस फुटांहून मोठे दुकान बाहेर काढायचे असेल, तर त्याचा जुन्या बाजारावर काय परिणाम होईल याचा अहवालही अर्जदाराने द्यायचा, असा दंडक २०१२ च्या राष्ट्रीय धोरणात आला. नियम उत्तम. पण नियम उत्तम असून भागत नाही, हे त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये दिसून आले.

डंडी हे स्कॉटलंडचे बंदर. बंगालच्या तागावर ते श्रीमंत झाले. आपल्या शेतकऱ्याचा ताग तिकडे जाई आणि गोण्या होऊन जगभर विकला जाई. विसाव्या शतकात तेथे रोकडयंत्रे बनविणारा मोठा कारखाना होता. त्या कारखान्याची जागा मोकळी झाली आणि अ‍ॅस्डा या कंपनीने तेथे विशाल दुकानासाठी अर्ज केला. जागा मध्यवर्ती बाजारात नव्हती. विकास आराखड्याशी प्रस्ताव जुळत नाही, हे नगर परिषदेलाही मान्य होते. तरी उद्योगजमिनीचा विकास आणि इतर लाभ ध्यानी घेऊन तिने परवानगी दिली. प्रतिस्पर्धी टेस्को कंपनी न्यायालयात गेली. तिचे म्हणणे असे की, लॉखी या उपनगराच्या बाजारकेंद्रात जागा उपलब्ध होती. ती ‘योग्य’ असताना बाहेरची जागा देणे नियमाविरुद्ध आहे. (टेस्कोला लॉखीच्या छोट्या दुकानदारांचा कळवळा आला होता, असे समजण्याचे कारण नाही.) प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मार्च २०१२ मध्ये निकाल लागला. सारा वाद एका शब्दाभोवती फिरला : योग्य. योग्य कोणासाठी? नगराच्या गरजेसाठी योग्य, की अर्जदाराने आखलेल्या दुकानासाठी योग्य? न्यायालयाने सांगितले की, अर्जदाराचा जो प्रस्ताव आहे त्यासाठी योग्य, असाच त्या शब्दाचा अर्थ आहे. अर्जदाराने दुकानाचा आकार, मांडणी, वाहनतळ यांबाबत व्यवहार्य लवचीकता दाखवली पाहिजे खरी. परंतु त्याने मागितले आहे त्याहून वेगळेच काही बांधावयास लावून लहान जागा ‘योग्य’ ठरविता येणार नाही. टेस्को हरली.

निकाल कायद्याच्या दृष्टीने तर्कशुद्ध आहे. अर्ज जसा आला तसाच त्याचा विचार व्हायचा. म्हणूनच त्यातून नगरवासीयांनी घ्यायचा बोध फार गंभीर आहे. एकदा अर्ज टेबलावर आला की चर्चा अर्जदाराच्या मापाने होते. दोन एकरांचे दुकान आखून आलेल्याला गावातील अर्ध्या एकराची जागा अपुरीच पडणार. तेव्हा ‘योग्य’ या शब्दाचा अर्थ गावाच्या बाजूने लावायचा असेल, तर तो अर्ज येण्यापूर्वीच लावला पाहिजे. दुकानदाराने जागा निवडण्याच्या आधी गावाने जागा निवडलेली असली पाहिजे.

जपानचा अनुभव याला पुष्टी देणारा आहे. तेथे १९७३ मध्ये मोठ्या दुकानांविषयी कायदा झाला. छोट्या दुकानदारांच्या हितासाठी मोठ्या दुकानाचे क्षेत्रफळ, वेळ, सुट्ट्या यांवर नियंत्रण आले आणि स्थानिक व्यापाऱ्यांची संमती मिळविता मिळविता अर्जदाराची वर्षे जात. पुढे अमेरिकेने व्यापारी वाटाघाटींत या कायद्यावर बोट ठेवले. बंधने सैल झाली आणि २००० साली तो कायदा जाऊन नवा आला. नव्या कायद्यात आवाज, वाहतूक, कचरा, वाहनतळ यांचा विचार होता. गावाला त्या दुकानाची गरज आहे का, हे विचारण्यास मात्र मनाई होती. दुकाने उपनगरांतील हमरस्त्यांवर गेली. जुन्या बाजारगल्ल्यांत दिवसाढवळ्या शटर खाली दिसू लागले आणि जपानी भाषेत त्यांना ‘शटरगल्ली’ असे नावच पडले. २००६ मध्ये शासनाने नगरनियोजनाच्या कायद्यात दुरुस्ती करून दहा हजार चौरस मीटरहून मोठी दुकाने ठराविक विभागांपुरती मर्यादित केली. परंतु तोवर उशीर झाला होता. पाव शतक जपानी व्यापारी ‘दुकान हवे की नको’ या प्रश्नावर लढले आणि ‘कोठे’ हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला गेला. आपल्याकडील व्यापारी संघटनांनीही हे मनावर घेतले पाहिजे. ‘येऊच देणार नाही’ ही घोषणा सभेत टाळ्या मिळवते. पण दुकान गावाच्या हद्दीबाहेर दोनशे पावले सरकले की त्या घोषणेतला दम संपतो.

मग आपल्या पन्नास हजार ते दोन लाख वस्तीच्या गावात योग्य जागा कशी ओळखावी? तिचे पहिले लक्षण चालीचे. मुख्य पेठेच्या टोकापासून ती चार-पाच मिनिटांच्या चालीवर असावी आणि वाटेत चौपदरी रस्ता, रेल्वेचे रूळ किंवा अंधाऱ्या भिंती नसाव्यात. एस.टी. स्थानक आणि पेठ यांच्या दरम्यानची जागा सर्वांत चांगली. खेड्यातून आलेला माणूस स्थानकावर उतरतो, कचेरीतील काम करतो, पेठेत कापड किंवा भांडे घेतो आणि परतीच्या गाडीपूर्वी वाणसामान भरतो. हा त्याचा नैसर्गिक क्रम आहे. सुपर मार्केट त्या वाटेवर असेल तर ते पेठेला गिऱ्हाईक आणून देईल. वाटेच्या विरुद्ध दिशेला असेल तर हिरावून नेईल. इमारत तीच, मालक तोच, दर तेच. फळ मात्र नेमके उलटे.

दुसरे लक्षण दाराचे. याचा विचार क्वचितच होतो, म्हणून थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. पेठेपासून दोनशे मीटरवर असलेले दुकानही तोंड फिरवून बसले तर गावाबाहेरचेच होते. पुढे विस्तीर्ण वाहनतळ, चहूकडे कुंपण, एकच फाटक तेही वळणरस्त्याच्या बाजूला, आणि पेठेकडे कोरी भिंत. अशी इमारत गावात असून गावात नसते. दार पेठेच्या रस्त्यावर उघडावे, वाहनतळ मागे किंवा तळमजल्याखाली असावा, माल उतरविण्याची वाट वेगळी आणि ती शाळेच्या रस्त्याने नसावी. ट्रक रात्री किंवा पहाटे रिकामे व्हावेत. वाहनतळ पेठेत खरेदी करणाऱ्यांनाही खुला असावा, ही अट परवानगीतच घालता आली तर पेठेची निम्मी तक्रार मिटेल. कारण आजचा मध्यमवर्गीय पेठेत जात नाही तो महागाईमुळे नव्हे, स्कूटर कोठे लावावी या विवंचनेने.

तिसरे पाण्याचे. स्वस्त आणि एकसंध जमीन नदीकाठी किंवा ओढ्याकाठी मिळते. ती स्वस्त का आहे, हे २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगली-कोल्हापूरकरांनी पाहिले आहे. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखलेली असते. त्या रेषेत भराव टाकून केलेला दोन एकरांचा चौथरा स्वतः कोरडा राहतो आणि पाणी शेजारच्या वस्तीत लोटतो.

अशा जागा जुन्या गावात कोठून आणायच्या, हा प्रश्न लगेच येईल. थोडे फिरून पाहिले तर त्या दिसतात. बंद पडलेले चित्रपटगृह, मिटलेली जिनिंग फॅक्टरी, लाकडाच्या वखारी, नगरपरिषदेची मोडकळीस आलेली मंडई, जिचा वरचा मजला वर्षानुवर्षे रिकामा आहे. अर्ध्या एकरात दोन मजल्यांचे दुकान बसते. व्यापारी सुरुवातीला नाही म्हणेल. पण दुसरीकडे जागा मिळणार नाही हे कळल्यावर तो आकार लहान करतो. मुंबईसारख्या ठिकाणी नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ मध्ये रुजलेला अपना बाजार आणि १९६८ पासूनचे सहकारी भांडार दाट वस्तीत, चाळी-इमारतींच्या तळमजल्यांवर चाललेच की!

सहकाराचा उल्लेख आला, तेव्हा हेही सांगितले पाहिजे की, मोठे दुकान म्हणजे भांडवलदाराचेच असा काही ईश्वरी संकेत नाही. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेतून उभा राहिलेला वारणा बझार ग्रामीण भागात सहकारी तत्त्वावर चालला. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, त्याने तर जागेचा प्रश्नच निराळ्या रीतीने सोडविला. शेजारच्या कुटुंबांनी एकत्र येऊन महिन्याची यादी करायची, घाऊक खरेदी व्हायची आणि कोणाच्या तरी अंगणात वाटप. दुकान नाही, भाडे नाही, जाहिरात नाही. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शन मांडले, त्यात व्यक्ती आणि समाज यांच्यात विरोध नव्हे तर परस्परपूरकता कल्पिली होती. ती किराणा मालाच्या यादीतही उतरू शकते, हे या कामाने दाखवून दिले. आज दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या कंपन्या वस्तीच्या मध्यभागी बंद दाराची गोदामे थाटत आहेत. त्यांना दर्शनी दारही लागत नाही. पण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

पेठेने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. दुपारी एक ते चार कडी लावायची, पावती मागितली की कपाळाला आठ्या घालायच्या, पाकिटावरची मुदत संपलेला माल कोपऱ्यातून पुढे सरकवायचा, आणि मग गिऱ्हाईक सुपर मार्केटला गेले म्हणून राष्ट्रप्रेमाची आठवण करून द्यायची; हे चालणार नाही. सबंध पेठेत स्त्रियांसाठी एक स्वच्छ स्वच्छतागृह नसावे, याची लाज व्यापारी संघटनेला वाटली पाहिजे. गृहिणीने स्वदेशीचा विचार करावा आणि तीन तास अवघडूनही राहावे, अशी अपेक्षा अन्यायाची आहे. पथविक्रेत्यांनाही पेठेचा शत्रू समजू नये. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना दिल्या आहेत. भाजी, फुले, केळीची पाने घेऊन बसणारी बाई आणि तिच्या मागचा किराणा दुकानदार हे एकमेकांचे गिऱ्हाईक वाढवतात. नव्या दुकानासाठी जागा करताना पहिला बळी तिचा जाणार असेल, तर जागा योग्य नाही.

आता कामाकडे वळू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ अन्वये नगरपरिषद विकास योजना तयार करते आणि साधारण वीस वर्षांनी तिची सुधारणा होते. प्रारूप योजना तयार झाली की कलम २६ नुसार राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत सूचना येते आणि हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. कोणत्याही नागरिकाला त्या देता येतात आणि नियोजन समितीपुढे सुनावणी होते. वीस वर्षांतले हे तीस दिवस आहेत! याच काळात बंद चित्रपटगृहाच्या किंवा जुन्या मंडईच्या जागेवर ‘बाजार व वाहनतळ’ असे आरक्षण सुचविता येते. समावेशक आरक्षणाच्या तत्त्वाने मालकालाच जागा विकसित करू देऊन त्यातील काही भाग नगरपरिषदेकडे घेता येतो, त्यामुळे ‘संपादनाला पैसा नाही’ ही सबब पुरी पडत नाही. आरक्षण टाकून स्वस्थ बसणे मात्र घातक. दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर कलम १२७ अन्वये मालक सूचना देऊन आरक्षण रद्द करून घेऊ शकतो आणि कित्येक गावांतील बाजारांच्या, क्रीडांगणांच्या जागा अशाच गेल्या आहेत.

योजना मंजूर झाल्यावरही दोन दारे उघडी राहतात आणि गावाला न कळता जागा बदलते ती तेथूनच. एक कलम ३७ : मंजूर योजनेत फेरबदल, शेतीचा विभाग वाणिज्य करणे वगैरे. त्याचीही सूचना प्रसिद्ध होते आणि हरकतीला महिना असतो. दुसरे कलम २० : गावाच्या हद्दीपलीकडची जमीन नगरपरिषदेच्या योजनेत नसून प्रादेशिक योजनेत असते आणि तिच्यातला बदल राज्य शासनाच्या स्तरावर होतो. वळणरस्त्यालगतचे मोठे दुकान बहुधा याच दुसऱ्या दाराने येते. नगरसेवक हात वर करून सांगतो, ‘आमच्या हद्दीत नाही.’ ते खरेही असते. म्हणून हद्दीलगतच्या ग्रामपंचायतींतील कार्यकर्ते आणि शहरातील कार्यकर्ते यांनी या सूचना एकत्र बसून पाहायला हव्यात.

शाखेच्या किंवा वस्तीच्या पातळीवर यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. एक निवृत्त भूमापक किंवा स्थापत्य अभियंता, एक वकील, व्यापारी संघटनेचा एक प्रतिनिधी, दोन गृहिणी आणि रोज राजपत्र व वृत्तपत्रांतील सूचना चाळणारा एक तरुण, एवढे पुरते. गृहिणी दोन असाव्यात, कारण चालीची वाट त्यांना सर्वांहून नेमकी ठाऊक असते. हरकत लिहिताना जागेचा नगर भूमापन क्रमांक किंवा गट क्रमांक, पेठेपासूनचे मोजलेले अंतर, सध्याच्या रस्त्याची रुंदी, पूररेषा आणि पर्यायी जागेचा क्रमांक द्यावा, सोबत नकाशाचा तुकडा लावावा आणि पोच घ्यावी. पाच हजार सह्यांचे निवेदन फाइलला लागते. पर्यायी जागेचा क्रमांक असलेले एक पान सुनावणीत वाचले जाते.